उत्तरासोबत कारण पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या मुलांच्या पानावर आकड्यांचं कोडं असतं, माझ्या क्लासची मुलं ते आवडीने सोडवतात आणि मी पण बघते. मध्यंतरी त्यात १, २, ४, ८, १६ आणि पुढे प्रश्नचिन्ह असं होतं, उत्तर खाली उलटं छापलेलं, ३२. बास, एवढंच. ३२ का, याबद्दल एक अक्षर नाही. मला त्याच्यावरच लिहायचंय, कारण हल्ली पेपर उघडला की एआय, एआय नोकऱ्या घालवणार, एआय रोग ओळखणार, मुलांचा अभ्यास एआय करणार, आणि या सगळ्या चर्चेत मला जो मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो या एवढ्याशा कोड्यात बसलाय.

एक मोठं वर्तुळ काढा. कडेवर एकच बिंदू घ्या, वर्तुळाचा भाग एकच. दोन बिंदू घेऊन जोडले की दोन भाग. तीन बिंदू, प्रत्येक बिंदू बाकीच्या सगळ्यांना जोडा, चार भाग. चार बिंदू घेतले की आठ, आणि पाच घेतले की नीट मोजा, सोळा. आता सहा घ्या. वर्गात विचारलं की सगळी मुलं एका सुरात ३२ म्हणतात, मोजायच्या आधीच, आणि मोजायला बसली की गडबड सुरू होते कारण ३१च येतात. कोणी खोडून परत काढतं, कोणी म्हणतं मॅडम माझा एक भाग मोजायचा राहिला असेल, कोणी हळूच शेजारच्याच्या वहीत बघतं. ज्यांनी कंपास घेऊन सहा बिंदू अगदी सारख्या अंतरावर घेतलेले असतात त्यांना तर ३०च येतात, कारण मग मोठे तीन कर्ण एकाच बिंदूतून जातात आणि मधोमध जो चिमुकला त्रिकोण असतो तो गायब होतो. पण ३२ कुणालाच येत नाहीत, वहीची पानं संपली तरी येत नाहीत.

कारण बघा. वर्तुळ मुळात एक भाग. एक जीवा काढली की एक भाग वाढतो, आणि ती आधीच्या जीवांना आत जितक्या ठिकाणी छेदेल तितके अजून वाढतात. म्हणजे भाग किती तर १ अधिक जीवा अधिक छेदनबिंदू. सहा बिंदूंच्या जीवा १५ होतात. आणि छेदनबिंदू मोजायचे तर कुठलेही चार बिंदू धरा, त्यांचा चौकोन होतो, त्याचे दोन कर्ण एकमेकांना एकदाच छेदतात, म्हणजे चार बिंदूंचे गट जितके तितके छेदनबिंदू, आणि सहातून चार निवडायचे प्रकार परत १५. एक अधिक पंधरा अधिक पंधरा, एकतीस. सात बिंदूंना ५७ आणि आठला ९९, आता चित्र काढायची पण गरज नाही. एकदा हे मुलाच्या डोक्यात बसलं की नुसते आकडे बघून पुढचा आकडा सांगून टाकायची त्याची सवय जरा तरी कमी होते, हे मी बघितलंय.

आपलं ३२ चूक आहे असं माझं म्हणणं नाही. दुप्पट करत जायचं असा नियम असेल तर ३२ बरोबरच आहे. पण तो नियम कोड्यात कुठेच दिलेला नव्हता, तो आपण गृहीत धरला, आणि पाच आकडे जुळले म्हणून सहावा जुळेल असं मानलं. म्हणून माझी विनंती एवढीच की उत्तराच्या शेजारी दोन ओळी कारणाच्या छापा, आणि एखाद्या मुलाने वेगळं उत्तर वेगळ्या कारणासकट पाठवलं तर ते पण छापा. जागा फार लागणार नाही.

आता एआय. मशीन लर्निंग म्हणजे काय हे पालक मला विचारतात तेव्हा मी असं सांगते की मशीनला खूप उदाहरणं दाखवतात, ते अंदाज करतं, अंदाज किती चुकला ते मोजतात, आणि त्याच्या आत जे लाखो-करोडो आकडे असतात ते थोडे थोडे हलवतात म्हणजे पुढच्या वेळी चूक कमी होईल, आणि हे सतत, अफाट वेळा. आपण मोबाईलवर ज्या चॅटबॉटशी बोलतो ते सुद्धा मुळात आधीचे शब्द बघून पुढचा शब्द कोणता असेल याचा अंदाज करायला शिकलेलं असतं, नंतर त्याच्यावर बाकीचे संस्कार होतात. या पद्धतीत कुठेही कोणी मशीनला कारण सांगत नाही. ते जमलं तर त्याचं त्याने शोधायचं, आणि नाही शोधलं तरी उत्तरं जुळतायत तोवर कोणाला पत्ता लागत नाही.

ही पद्धत कमी दर्जाची आहे असं कृपा करून कोणी समजू नका. प्रोटीनची साखळी कशी घडी पडते हा प्रश्न जीवशास्त्रात पन्नास वर्षं अडून बसला होता, त्यात अल्फाफोल्ड नावाच्या एआयने जे केलं त्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, डेव्हिड बेकर यांच्यासोबत. उदाहरणांवरून शिकणं हे मोठं सामर्थ्य आहे, माणसाचं मूल भाषा पण तशीच शिकतं, त्याला कोणी व्याकरण समजावत नाही.

पण एक उदाहरण मला प्रत्येक पालकाला सांगावंसं वाटतं. १९९० च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या पेशंटच्या नोंदी घेऊन वेगवेगळी मॉडेल्स, म्हणजे उदाहरणांवरून अंदाज करायला शिकलेले प्रोग्रॅम, तयार केली होती, उद्देश चांगला होता, कोणाच्या जिवाला धोका जास्त आहे ते ओळखायचं, म्हणजे त्यांना लगेच ॲडमिट करता येईल आणि बाकीच्यांना औषध देऊन घरी पाठवता येईल. रिच करुआना नावाचे संशोधक त्यात होते, त्यांनी नंतर हे लिहून ठेवलंय. सगळ्यात अचूक निघालं न्यूरल नेटवर्क, म्हणजे वर सांगितलं तसं आत नुसते आकडेच आकडे असलेलं मॉडेल. पण त्याच डेटावर दुसरं एक मॉडेल शिकवलं होतं, ते नियम वाचता येतील असे मांडायचं, आणि त्याच्या नियमांत एक नियम निघाला की ज्याला दमा आहे त्याला न्यूमोनियाने मरायचा धोका कमी! दमा असलेल्या माणसाला न्यूमोनिया झाला तर घरचे किती घाबरतात हे ज्यांनी बघितलंय त्यांना यातला उलटेपणा लगेच कळेल. मग डॉक्टरांशी बोलल्यावर उलगडा झाला. दम्याचा पेशंट न्यूमोनिया घेऊन आला की त्याला थेट आयसीयूत घ्यायचे, त्याच्यावर जास्त लक्ष असायचं, म्हणून ते लोक वाचायचे. डेटा खरा होता, नोंदी खऱ्या होत्या, मशीनने शोधलेला संबंध पण त्या कागदांपुरता शंभर टक्के खरा होता. आणि त्यावरून मशीन सांगणार काय तर दमेवाल्यांना घरी पाठवा.

इथे मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे न्यूरल नेटवर्क सगळ्यात अचूक असूनही त्या लोकांनी ते पेशंटवर वापरलं नाही, कारण दम्याचं समजलं ते दुसऱ्या मॉडेलमधून, नेटवर्कच्या पोटात असं अजून काय काय असेल ते दिसत नव्हतं, म्हणून जरा कमी अचूक पण आत डोकावता येईल असं साधं मॉडेल निवडलं. केवढा शहाणपणाचा निर्णय आहे हा. आणि दुसरी म्हणजे डॉक्टरांना कारण कळलं ते त्या डेटात बघून कळलं नाही. ते कारण डेटात नव्हतंच. आयसीयूत कोणाला पाठवतात, नर्स कोणाकडे सारखी चक्कर मारते, हे वॉर्डात उभं राहणाऱ्या माणसाला माहीत असतं, तक्त्याच्या रकान्यात ते आलेलं नव्हतं. माणसाचा विचार हा असा इकडचं तिकडे जोडून चालतो आणि त्याला हे खटकलं पाहिजे, अरे हे असं कसं, असं वाटलं पाहिजे. खटकणं ही मला सगळ्यात मौल्यवान गोष्ट वाटते, वर्गात तर फारच.

यावर काही जण म्हणतात की डेटा कमी होता म्हणून असं झालं, अजून डेटा घाला. डेटा वाढवून बऱ्याच चुका कमी होतात हे मान्य, पण इथे त्याच हॉस्पिटलांच्या दहापट नोंदी घातल्या असत्या तरी तोच नियम अजून ठामपणे निघाला असता. आणि नुसत्या मोजणीवर किती विसंबायचं याचं गणितातलं एक उदाहरण आहे ते ऐकून तर माझ्या मुलांचे डोळे मोठे होतात. जॉर्ज पोल्या नावाचे मोठे हंगेरियन गणिती, त्यांनी १९१९ मध्ये एक अंदाज मांडला. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव पाडा आणि ते किती आहेत ते मोजा, म्हणजे १२ चे २, २, ३ असे तीन, विषम झाले, १० चे २ आणि ५ असे दोन, सम झाले. पोल्यांचा अंदाज असा की १ पासून मोजत जाऊन दोनच्या पुढे कुठेही थांबा, विषमवाल्या संख्या निम्म्या तरी असतातच, कधीच निम्म्यापेक्षा कमी होत नाहीत. तुम्ही कागदावर शंभरपर्यंत करा, खरं निघेल. लाखापर्यंत करा, खरं. कोटीपर्यंत, दहा कोटीपर्यंत, पन्नास कोटीपर्यंत, खरंच. १९५८ मध्ये हेझलग्रोव्ह यांनी सिद्ध केलं की हे कुठेतरी मोडतं, आणि १९८० मध्ये जपानच्या तनाकांनी पहिली जागा शोधून काढली जिथे ते मोडतं, ९०,६१,५०,२५७. नव्वद कोटींच्या वर! त्याच्या आधीची नव्वद कोटी उदाहरणं एकजात बाजूने, आणि तरी विधान खोटं. एवढी साक्षीदारांची रांग कुठल्या कोर्टात पण पुरली असती, गणितात नाही पुरली. पोल्या स्वतः आयुष्यभर मुलांना आधी अंदाज करा आणि मग सिद्ध करा असंच शिकवत आले, त्यामुळे त्यांचा अंदाज चुकला याच्यात मला कमीपणा दिसत नाही, त्यांनी तो अंदाज म्हणूनच मांडला होता.

आता मशीनच्या बाजूने पण सांगायला पाहिजे नाहीतर पत्र एकतर्फी होईल. जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या पेपरवर गुगल डीपमाइंडच्या सिस्टीमनी सहापैकी चार प्रश्न सोडवले, ४२ पैकी २८ मार्क, सुवर्णपदकाला एक मार्क कमी पडला. त्यातली अल्फाप्रूफ नावाची सिस्टीम उत्तर नुसतं बोलून मोकळी होत नव्हती, ती सिद्धता लीन नावाच्या भाषेत लिहायची, आणि लीन मध्ये काय असतं तर एकेक पायरी कॉम्प्युटर तपासतो, आधीच्या पायरीवरून पुढची निघत नसेल तर तिथेच अडवतो, कितीही छान लिहा. मला हे फार आवडलं. एकाने अंदाज करायचा, दुसऱ्याने काटेकोर तपासायचं, माणसांच्या गणितात पण हेच चालत आलंय. नंतरच्या वर्षी २०२५ मध्ये तर गुगल आणि ओपनएआय दोघांच्या मॉडेल्सनी नेहमीच्या इंग्रजीत, मुलांना मिळतो तेवढ्याच साडेचार साडेचार तासांच्या वेळात ३५ मार्क मिळवले, सुवर्णपदकाइतके. सहावा प्रश्न मात्र त्यांना सुटला नाही, काही मुलांना सुटला. तेव्हा मशीनला तर्क करताच येत नाही असं जे लोक छातीठोकपणे लिहितात त्यांनी जरा दमाने घ्यावं असं मला वाटतं. तर्क येतोय, वाढतोय. पण ऑलिंपियाडचं वैशिष्ट्य हे आहे की तिथे नुसत्या उत्तराला जवळजवळ काही मिळत नाही, सातपैकी मार्क मिळतात ते युक्तिवादाला, म्हणून मशीनला पण तो लिहायला शिकवावं लागलं. जे मागाल ते मिळतं.

आणि आपण आपल्या मुलांकडे काय मागतो? दहावीच्या भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता असं सगळं आहे, पुस्तक चांगलं आहे, मी त्याच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. पण पेपरात पुष्कळदा सिद्धता येते ती रिकाम्या चौकटींची, कृती पूर्ण करा म्हणून, आणि मुलं चौकटींची जागा पाठ करतात, पहिल्या चौकटीत समरूप, दुसऱ्यात कोकोको, तिसऱ्यात समरूप त्रिकोणांच्या संगत बाजू, असं. मी एकदा तीच सिद्धता चौकटी काढून टाकून, आकृती फिरवून आणि त्रिकोणाची अक्षरं बदलून दिली तर नव्वदच्या वर मार्क घेणारी मुलं पेन खाली ठेवून बसली. त्यांचा दोष नाही, त्यांनी जुन्या प्रश्नपत्रिकांचा डेटा घेतला आणि त्यावर चूक कमी करत करत स्वतःला शिकवलं. बारावीनंतर एमएचटी-सीईटी आहे, चार पर्याय आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, तिथे कारण विचारायला कोणी नसतं. मग आपण म्हणतो की मुलं एआयकडून होमवर्क करून घेतात. अहो, जिथे फक्त उत्तर बघितलं जातं तिथे ती उत्तर कुठूनही आणणार. आधी गाईडमधून आणायची, आता मोबाईलमधून आणतात.

मोबाईल बंद करा असं मी सांगत नाही, माझ्या क्लासमध्ये एआयला विचारायला बंदी नाही. अट एकच, जे उत्तर आणाल ते फळ्यावर उभं राहून समजावून सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला का विचारायचं. एका मुलाने मध्ये एका गणिताचं सुंदर, बरोबर उत्तर आणलं, वहीत सुवाच्य लिहून, आणि फळ्यावर दुसऱ्याच ओळीला मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं की इथे भागलंस पण तो एक्स शून्य असला तर? तो थांबला. मोबाईलकडे बघावंसं वाटलं असेल पण बघितलं नाही, तिथेच खडू घेऊन एक्स शून्य असेल तर आणि नसेल तर असे दोन भाग केले आणि बराच वेळ घेऊन पुढे गेला. मला त्याला शिकवायची गरजच पडली नाही.

आम्हा नाशिककरांना यासाठी लांब जायला पण नको. द. रा. कापरेकर इथे देवळालीच्या शाळेत मास्तर होते, १९३० ते १९६२. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ ची गंमत जगासमोर मांडली, कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करा, आलेल्या उत्तराचं परत तेच, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. त्या काळी पुष्कळांना हे नुसते आकड्यांचे खेळ वाटले, मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं तेव्हा कुठे जगभर नाव झालं. आज कॉम्प्युटरला सांगितलं तर सुरुवातीची शून्यं धरून ज्या ९,९९० संख्या होतात त्या सगळ्या तो डोळ्याची पापणी लवायच्या आत तपासून देईल. पण कागदावर जरा थांबून बघा, वजाबाकीचं उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरतं, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान अंक यांतला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, आणि बेरीज करा, हेच उत्तर. मग अशी वेगवेगळी उत्तरं किती, तर फक्त ५४. नऊ हजार नऊशे नव्वद संख्या एका पायरीत ५४ वर आल्या! वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन दिल्या तरी एका तासात सगळी तपासणी हाताने होते, आणि मग ती तपासणी नुसती उदाहरणं राहत नाही, ती सिद्धता होते, कारण ५४ च्या बाहेर काही उरलेलंच नाही. नव्वद कोटी उदाहरणांना जे जमलं नाही ते इथे चोपन्नांना जमतं.

माझ्या नववीच्या मुलांनी हे तीन अंकी संख्यांसाठी केलं, तिथे ४९५ येते. मग त्यांनी आपणहून पाच अंकी घेतल्या आणि पाच अंकीला एक संख्या येतच नाही, फिरत राहतं, कोणाचं ५३९५५ आणि ५९९९४ यांच्यात इकडून तिकडे, कोणाचं दुसऱ्याच चक्रात, चार चार संख्यांच्या. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं वजाबाकी चुकतेय. दुसऱ्या दिवशी एका मुलीने येऊन सांगितलं की मॅडम पाच अंकीत मधला अंक वजाबाकीत उडूनच जातो, म्हणजे फरक परत दोनच राहिले, म्हणजे इथे पण उत्तरं ५४च असणार. सध्या त्या ५४ ची यादी भिंतीवर लावलीय आणि कोण कुठल्या चक्रात जातं त्याचे बाण काढणं चालू आहे. पूर्ण झालं की आपल्या मुलांच्या पानासाठी पाठवते, कारणासकट, जागा असेल तर छापा.

आपली,
गणिताची एक शिक्षिका,
नाशिकरोड